एव्ही रिसीव्हर जोडताना या चुका टाळा

एव्ही रिसीव्हर म्हणजे टीव्ही आणि प्लेअरचा आवाज घेऊन होम थिएटरचे सगळे स्पीकर चालवणारं यंत्र. सगळ्या वायरी जोडल्या, चित्र आलं, पण आवाज टीव्हीतूनच येतोय. किंवा पुढचे स्पीकर वाजतात आणि मागचे मुके. अशा वेळी वायरी उपसायला घेऊ नका, आधी रिसीव्हरच्या पुढचा डिस्प्ले वाचा. रिमोटवर 'इन्फो' किंवा 'स्टेटस' बटण असतं, ते दाबलं की आत कोणता सिग्नल येतोय ते दिसतं. तिथे काहीच नसेल तर घोळ रिसीव्हरच्या आधी आहे. 'डॉल्बी डिजिटल' दिसत असूनही स्पीकर गप्प असतील तर घोळ रिसीव्हरच्या पुढे, म्हणजे स्पीकरच्या वायरीत किंवा सेटिंगमध्ये.

सर्वात जास्त गोंधळ एआरसीचा, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे परत आणणाऱ्या सोयीचा. टीव्हीला एचडीएमआयची तीन-चार सॉकेट असतात, पण आवाज बाहेर पाठवणारं त्यात एकच. त्याच्याशेजारी एआरसी किंवा ईएआरसी (तिचीच नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) छापलेलं असतं. त्या केबलचं दुसरं टोक रिसीव्हरच्या 'आउट'मध्ये जातं. आवाज तर आत यायचा आहे, असा विचार करून लोक ते 'इन'मध्ये खोचतात आणि तिथेच अडकतात. चित्र जातं त्याच वाटेने आवाज उलटा येतो, म्हणून सॉकेट 'आउट'चंच. दोन आउट असतील तर एआरसी लिहिलेलं घ्या.

एवढ्यानेही भागत नाही. रिसीव्हरच्या मेनूत एआरसी आणि सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांना एकमेकांना आज्ञा देऊ देणारी सोय) दोन्ही चालू करावं लागतं. टीव्हीवर सीईसीला प्रत्येक कंपनीचं वेगळं नाव आहे: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक, एलजीत सिम्पलिंक. मग टीव्हीचं साउंड आउटपुट रिसीव्हरवर न्या. सगळं बरोबर असूनही आवाज येत नसेल, तर दोन्ही यंत्रांच्या पिन बोर्डातून काढा, पाच मिनिटं थांबा, आधी टीव्ही आणि मग रिसीव्हर सुरू करा. नुसतं रिमोटने बंद-चालू करून हे होत नाही, कारण स्टँडबायमध्ये यंत्र पूर्ण बंद नसतं.

मागचे स्पीकर मुके असण्याचं नेहमीचं कारण टीव्हीच्या साउंड मेनूत सापडतं. 'डिजिटल ऑडिओ आउट' तिथे 'पीसीएम'वर असेल, तर एआरसीवरून दोनच चॅनेल जातात. ते 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' करा. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत ऑडिओचं वेगळं सेटिंग असतं, तेही बघा. मात्र अनेक वाहिन्यांचं प्रक्षेपणच स्टिरिओ असतं, तिथे दोन चॅनेल दिसणं हा बिघाड नव्हे. काही जण 'ऑल चॅनेल स्टिरिओ' लावून समाधान मानतात. सगळे स्पीकर वाजतात खरे, पण त्याला सराउंड म्हणायचं नाही.

अ‍ॅटमॉसबद्दलही गैरसमज फार. हा डॉल्बीचा सराउंड प्रकार, त्यात आवाज डोक्यावरूनही आल्यासारखा वाटतो. टीव्हीतल्या अ‍ॅपमधला अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि साध्या एआरसीवरूनही जाऊ शकतो. ब्लू-रे डिस्कवरचा ट्रूएचडी (दर्जा न घटवलेला डॉल्बी आवाज) जात नाही. त्यासाठी दोन्हीकडे ईएआरसी हवं, नाहीतर प्लेअर थेट रिसीव्हरच्या 'इन'ला जोडा. ऑप्टिकल केबलवरून तर अ‍ॅटमॉस जातच नाही. आणि नव्या ऑप्टिकल केबलच्या टोकांवर पारदर्शक प्लास्टिकची टोपणं असतात, ती काढायला विसरू नका.

चित्रच काळं झालं, किंवा येतंय-जातंय? रिसीव्हर जुना असेल आणि त्यात एचडीसीपी २.२ (४के चित्राची नक्कल रोखणारं संरक्षण) नसेल, तर संरक्षित ४के चित्र त्यातून पुढे जाणारच नाही. यावर सेटिंगचा उपाय नाही. प्लेअर थेट टीव्हीला लावा आणि आवाज एआरसीने परत घ्या. लुकलुकणाऱ्या चित्राला बहुधा केबल जबाबदार असते. ४के एचडीआरसाठी १८ जीबीपीएसची 'प्रीमियम हाय स्पीड' केबल घ्या, आणि साधी केबल पाच मीटरच्या पुढे नेऊ नका. भिंतीतून लांबची फायबर केबल टाकत असाल तर तिला दिशा असते. 'सोर्स' लिहिलेलं टोक रिसीव्हरकडे, 'डिस्प्ले' लिहिलेलं टीव्हीकडे. उलटी टाकली तर पुन्हा सगळं ओढून काढावं लागेल, म्हणून आधी बाहेरच जोडून तपासा.

आता स्पीकरच्या वायरी. काम सुरू करण्यापूर्वी रिसीव्हरची पिन काढा. प्रत्येक टोकाचं इन्सुलेशन १० ते १२ मिलिमीटर सोला, तारा घट्ट पिळा, टर्मिनलमध्ये घाला आणि आवळा. केसाएवढी एक तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी शॉर्ट होतं, रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो. तसं झालं तर सगळ्या स्पीकर वायरी काढून रिसीव्हर सुरू करून बघा. चालू राहिला तर दोष वायरीत किंवा एखाद्या स्पीकरमध्ये. मग प्रत्येक वेळी बंद करून एकेक जोडत जा. काहीच जोडलेलं नसताना प्रोटेक्ट येत असेल, तरच दुरुस्तीवाल्याकडे न्या.

जाडी किती हवी? इलेक्ट्रिकलच्या दुकानात जिला दीड एमएमची म्हणतात, ती शुद्ध तांब्याची वायर ८ ओहमच्या स्पीकरला दहा मीटरपर्यंत पुरते. ४ ओहमचे स्पीकर किंवा त्याहून लांब अंतर असेल तर अडीचची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त वायर टाळा, तिचा रोध जास्त असतो.

एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे झाले तर स्पीकर वाजतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. फक्त बास पातळ होतो आणि मधोमध यायला हवा तो आवाज विस्कटतो. भिंतीतल्या वायरींवर खूण नसेल तर त्या रिसीव्हरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल त्या टोकांना क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा (कोन) बाहेर आला, तर सेलच्या प्लसला टेकलेली तार स्पीकरच्या प्लसची.

सबवूफर (फक्त बास वाजवणारा स्पीकर) रिसीव्हरच्या 'सब प्री-आउट'मधून, म्हणजे अ‍ॅम्प्लिफाय न केलेला सिग्नल देणाऱ्या सॉकेटमधून, आरसीए केबलने जोडायचा. त्यावरचा क्रॉसओव्हरचा (किती हर्ट्झखालचा आवाज सबने वाजवायचा ते ठरवणारा) नॉब पूर्ण वर किंवा एलएफईवर ठेवा आणि ८० हर्ट्झ रिसीव्हरच्या मेनूत लावा, नाहीतर दोन्हीकडून कापाकापी होते. रेडीमेड होम थिएटर सेटमधल्या अनेक सबवूफरमध्ये स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसतो. असा सब प्री-आउटला लावला तर त्यातून आवाज येणार नाही.

स्पीकरमधून सतत घुंss येत असेल, तर केबल टीव्हीची अँटेनाची वायर काढून बघा. घुंई थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे यंत्रांना दोन वाटांनी अर्थिंग मिळतंय. त्या वायरीवर आयसोलेटर बसवा आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. डिशच्या वायरीवर मात्र साधा आयसोलेटर चालत नाही, कारण छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज त्याच वायरीतून जाते. घुंई घालवण्यासाठी थ्री-पिनची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला रिसीव्हर असेल तर आधी मागची पट्टी वाचा. १२० व्होल्ट लिहिलेलं यंत्र आपल्या २३० व्होल्टला थेट लावलं तर पॉवर सप्लाय जळू शकतो आणि फ्यूज बदलूनही ते सुरू होत नाही. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, पट्टीवरच्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, ५० हर्ट्झचे ६० करत नाही, त्यामुळे असा रिसीव्हर जरा जास्त तापतो. तो टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवू नका.