गोधडीसारखे जाकीट शिवताना आधी टाके, मग कापणी
साताऱ्याच्या थंडीसाठी जुन्या सुती साडीचे अस्तर लावून मी पहिल्यांदाच गोधडीसारखे जाकीट शिवले, तेव्हा पाठीचा व पुढचा भाग मापाने आधी कापून मग त्यावर धावदोरा घातल्यामुळे कापड आकसले आणि जाकीट छातीत घट्ट झाले. म्हणून बाहेरचे व अस्तराचे अशी दोन्ही कापडे धुऊन वाळवावीत, मध्ये कापसाचा पातळ, सलग थर घालून मधल्या भागापासून कडांकडे टाके घालत जावे आणि त्यानंतरच कागदी नमुना ठेवून कापावे. बगलेत शिवणी एकत्र येऊन सुई अडते. तेथे मायेतला (शिवणीच्या बाहेर सोडलेल्या जादा कापडातला) कापूस शिवणीपर्यंत कातरून काढावा. गळ्याला मात्र उरेब, म्हणजे कापडातून तिरकी कापलेली पट्टीच लावावी, कारण सरळ पट्टीला वळणावर चुण्या पडतात.