वादळात आडवा होणारा कारल्याचा मांडव असा सावरला

आमचं घर गावाच्या पश्चिम टोकाला, पुढे नुसती वावरं, त्यामुळे मे-जूनचं वादळ सरळ अंगणात येतं आणि दोन वर्षं माझा कारल्याचा मांडव आडवाच झाला. वाटायचं वेलाचं वजन जास्त होतंय, पण खरी चूक खाली होती. काळ्या मातीत बांबू फूटभरच गाडलेले, पाऊस आला की माती लोण्यासारखी होते न बांबू हलतो.

यंदा 8 फुटी बांबू 2 फूट गाडले, खड्ड्यात मुरूम-दगड ठोकून भरले, दोन्ही टोकांना खुंटीवरून तारेचा ताण दिला. वर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, रचायचो ते बंद केलं, आता नायलॉनची जाळी, वारा आरपार जातो. कारल्याचे तंतू जाड बांबूला धरत नाहीत, बारीक दोऱ्याला मस्त पकडतात, जवळून पाहा, स्प्रिंगसारखे वळतात न मधूनच उलटे फिरतात, म्हणून झटका बसला तरी तुटत नाहीत.

गोकर्णाला तंतू नसतात, ती स्वतःच गुंडाळत चढते, तिला उभी सुतळी पुरे. मधुमालती मात्र अशा मांडवावर चढवूच नका, खोड लाकडासारखं होतं, भयंकर जड. ती मी भिंतीच्या आडोशाला, पूर्वेकडे लावली. कोवळा वेल बांधायला जुन्या लुगड्याची चिंधी, सैल, इंग्रजी आठासारखी. सुतळीने माझा एक वेल कापला गेला, लई जीव हळहळला.

परवाच्या वादळात शेजारची टिनं उडाली, मांडव जागेवर आहे.