विद्यापीठाची वेबसाइट अपंग विद्यार्थ्यांनाही वापरता यावी, म्हणून या चुका टाळा

तपासणी करायची तर आधी माउस बाजूला ठेवा. मुखपृष्ठ राहू दे, थेट प्रवेशअर्ज उघडा आणि नुसत्या कीबोर्डवर शेवटपर्यंत भरा. टॅब दाबल्यावर आपण कुठल्या रकान्यात आहोत ते दिसत नसेल, तर बहुधा कोणीतरी 'बरी दिसत नाही' म्हणून फोकसची चौकट (निवडलेल्या रकान्याभोवती दिसणारी रेघ) काढून टाकलेली असते. ती परत आणा.

मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, सुरू करा आणि तोच अर्ज ऐका. रकान्यावर 'आईचे नाव' लिहिलेलं दिसतं, पण कानावर पडतं 'एडिट, ब्लँक', म्हणजे नुसता 'रिकामा रकाना'. पुढचा रकानाही 'एडिट, ब्लँक'. अंध विद्यार्थिनीने यात काय भरायचं? कोडमध्ये लेबल त्या रकान्याशी जोडलं की हे सुटतं, दोन मिनिटांचं काम आहे. चूक दाखवतानाही नुसती लाल चौकट पुरत नाही. 'जन्मतारखेत वर्ष राहिलं' असं शब्दांत लिहा.

सगळ्यात जास्त अडवणूक करते ती स्कॅन केलेली पीडीएफ. वेळापत्रक छापायचं, सही-शिक्का घ्यायचा आणि स्कॅन करून चढवायचं, ही सवय मोडायलाच हवी. स्क्रीन रीडरसाठी तो नुसता फोटो असतो. फाइलमधली एखादी ओळ सिलेक्ट होत नसेल तर समजा, आत मजकूर नाही. मूळ वर्ड फाइलला हेडिंग स्टाइल द्या आणि 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ करा. 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की टॅग, म्हणजे हेडिंग कुठलं, तक्ता कुठला हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या खुणा, गळून पडतात. मूळ फाइल हरवली असेल तर ओसीआर करा (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं), पण तारखा आणि क्रमांक डोळ्यांखालून घाला, तिथे ३ चा ८ होतो. खरं तर सूचना साध्या वेबपानावरच टाकली तर उत्तम.

फिकट करड्या अक्षरांचा मोह टाळा. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (फिकट-गडदपणातला फरक) किमान ४.५:१ हवा. व्याख्यानांच्या व्हिडिओंना आपोआप आलेली कॅप्शन तशीच सोडू नका, पारिभाषिक शब्द तपासा.

सेशन (अर्ज भरायला दिलेला वेळ) संपण्याआधी इशारा द्या आणि एक कळ दाबून वेळ वाढवायला निदान २० सेकंद ठेवा. हात सावकाश चालणाऱ्याचा तासाभराचा अर्ज पुसला जाणं फार वाईट.

आणि कोपऱ्यात अक्षरं मोठी करणं, रंग बदलणं अशा सोयींचं 'ॲक्सेसिबिलिटी'चं बटण बसवून काम झालं असं मानू नका. स्कॅनमधला तक्ता त्याने वाचता येत नाही. त्यापेक्षा नवा अर्ज खुला करण्याआधी स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या विद्यार्थ्यांकडून तो भरून घ्या, आणि त्या वेळेचं मानधन द्या.