कू ची आणि सायगाव: युद्धस्थळांचा एक दिवस कसा आखावा

व्हिएतनामला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात हो ची मिन्ह सिटी, म्हणजेच पूर्वीचे सायगाव, बहुधा एकाच दिवसापुरते असते, आणि त्या एका दिवसात कू चीची भुयारे, राष्ट्राध्यक्षांचा जुना प्रासाद, युद्धाचे संग्रहालय, फ्रेंचांनी बांधलेले कॅथेड्रल व टपाल कार्यालय एवढे सारे बसवले जाते. हे एका दिवसात होते; मात्र स्थळांचा क्रम चुकला, तर दुपारनंतर माणूस नुसता गाडीतून उतरतो आणि पुन्हा गाडीत चढतो. म्हणून सहल आरक्षित करताना दराइतकीच क्रमाचीही चौकशी करावी. सकाळी कू ची, दुपारी प्रासाद आणि सर्वांत शेवटी संग्रहालय हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो. त्याची कारणे पुढे येतीलच.

निघण्यापूर्वी काही तारखा मनात पक्क्या असाव्यात, कारण वाटाडे तो सारा इतिहास बसमध्ये दहा-पंधरा मिनिटांत उरकतात. १९५४ मध्ये फ्रेंचांचा पराभव झाल्यावर जिनिव्हा करारानुसार देशाची १७ व्या अक्षांशापाशी तात्पुरती विभागणी झाली. करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, आणि कॅनडा व पोलंड हे त्याचे अन्य सदस्य होते. दक्षिणेत न्गो दिन्ह झिएम यांची राजवट आली व नोव्हेंबर १९६३ मधील लष्करी उठावात ती संपली. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरल्या, १९६८ च्या जानेवारीअखेर तेत या व्हिएतनामी नववर्षाच्या सणाच्या काळात साम्यवादी उत्तरेच्या बाजूचा मोठा हल्ला झाला, जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकेच्या माघारीचा पॅरिस करार झाला आणि ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव उत्तरेच्या हाती पडले. शहराचे नाव त्यानंतर, जुलै १९७६ मध्ये बदलले. तरी बोलताना स्थानिक माणसे आजही सर्रास सायगाव म्हणतात, त्यामुळे जुने नाव वापरण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

आरक्षणाच्या वेळी चार गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. गटात किती माणसे असतील, प्रवेशतिकिटे दरात धरली आहेत का, वाटेत हस्तकलेच्या दुकानात किती वेळ थांबणार, आणि कू चीच्या दोन स्थळांपैकी नेमके कोणते दाखवणार. बहुतेक सहली बेन दिन्ह येथे जातात, कारण ते शहराला जवळचे आहे. पण गर्दीही तिथेच असते. बेन दुओक थोडे लांब आणि बरेच शांत आहे, आणि तेथे या भागात मारल्या गेलेल्या ४४ हजारांहून अधिक लोकांची नावे कोरलेले स्मारकमंदिर आहे. ज्यांना इतिहासासाठी जायचे आहे त्यांनी खासगी गाडी ठरवून बेन दुओकचाच आग्रह धरावा. चार-पाच जणांचे कुटुंब असेल, तर विभागून येणारा खर्च मोठ्या बसच्या सहलीपेक्षा फारसा जड जात नाही, आणि दुकानातला अर्धा तासही वाचतो.

सकाळी सातच्या आत शहर सोडावे. भुयारांपर्यंत दीड ते दोन तास लागतात, आणि दहा वाजल्यानंतर ऊन व बसगाड्या एकदमच वाढतात. डिसेंबर ते एप्रिल हे कोरडे महिने प्रवासाला सोयीचे. मे ते नोव्हेंबर या काळात दुपारी पावसाची मोठी सर येते, त्यामुळे उघड्यावरची स्थळे सकाळी उरकणे तेव्हा अधिकच आवश्यक ठरते. पायांत बंद बूट, अंगात मळले तरी चालतील असे कपडे, डासांसाठी मलम आणि पाण्याची बाटली एवढे सोबत पुरे.

कू चीची भुयारे व्हिएतनामी गनिमांनी प्रथम खणली ती १९४० च्या दशकात, फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात. अमेरिकेविरुद्धच्या युद्धात ती वाढत जाऊन त्यांचे जाळे दोनशे किलोमीटरहून लांब झाले. येथील लोहयुक्त चिकणमाती ओली असताना खणता येते आणि वाळल्यावर विलक्षण कडक होते. म्हणून बहुतेक ठिकाणी लाकडाचा टेकू न देताही ती टिकली. जमिनीखाली एकावर एक असे तीन थर होते, आणि त्यांत स्वयंपाकघर, दवाखाना, बैठकीची खोली, शस्त्रांची दुरुस्ती अशा सर्व सोयी होत्या. वाटाड्या आधी काय दाखवतो ते जवळून पाहावे. पाचोळ्याने भरलेल्या मोकळ्या जागेत तो उभा राहतो, पायाने पाने बाजूला सारतो, आणि तेव्हाच एक लहानसे चौकोनी लाकडी झाकण दिसते. ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरून माणूस सरळ खाली उतरतो, झाकण जागेवर बसते, आणि दोन पावलांवर उभे असलेल्यालाही ते नेमके कोठे होते हे सांगता येत नाही. भुयारांतील चुलीही अशाच विचाराने रचलेल्या आहेत. होआंग काम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चुलीचा धूर अनेक लांब चरांतून फिरवत थंड केला जाई व जमिनीलगत हळूहळू सोडला जाई. स्वयंपाक पहाटे केल्यामुळे तो धुक्यात मिसळून जाई. हवेची भोके वारुळांच्या आकारात दडवलेली असत. ही रचना समजून घेण्यासाठी वाटाड्याला थांबवून प्रश्न विचारावेत, कारण अन्यथा गट सापळ्यांच्या प्रदर्शनाकडे ओढला जातो, आणि टोकदार खिळ्यांपुढे छायाचित्रे काढण्यातच वेळ जातो.

पर्यटकांसाठी खुला असलेला भुयाराचा भाग मुद्दाम रुंद केलेला आहे. तरीही त्यातून ओणवे होऊन किंवा गुडघ्यांवरच जावे लागते. आत उकाडा असतो, आणि पुढचा माणूस थांबला की मागे सारेच अडकतात. ज्यांना गुडघेदुखी, हृदयविकार, दमा किंवा बंदिस्त जागेची भीती आहे त्यांनी आत जाऊ नये. वरून दिसणाऱ्या गोष्टींनीही हे स्थळ पुरेसे समजते. जाणाऱ्यांनी पाठीवरची पिशवी बाहेर कोणाकडे तरी द्यावी आणि पहिल्याच निर्गममार्गाने वर यायला लाजू नये. वाटेतले मोठाले खड्डे बी-५२ विमानांच्या बॉम्बचे आहेत. जानेवारी १९६७ मध्ये जवळच्या ‘आयर्न ट्रँगल’ टापूत सुमारे ३० हजार अमेरिकी व दक्षिण व्हिएतनामी सैनिकांची मोहीम झाली व तेथील बेन सुक हे गाव जमीनदोस्त करण्यात आले. आज दिसणारी झाडी मुख्यतः नंतर लावलेली आहे.

फेरीच्या शेवटी उकडलेला कसावा, शेंगदाणे, तीळ, मीठ व साखर यांच्या भरडीसोबत आणि चहाबरोबर देतात. आपला साबुदाणा याच कंदापासून होतो, त्यामुळे मराठी पर्यटकांना तो फारसा परका वाटत नाही. फक्त येथे तो उपासाचा पदार्थ नसून तांदूळ मिळेनासा झाल्यावर महिनोन्‌महिने पोटात गेलेले अन्न होता.

गनिमी काव्याचा विषय निघाला की मराठी गटांत एक गोष्ट हमखास निघते: व्हिएतनामच्या नेत्यांनी आपल्या विजयाचे श्रेय शिवाजी महाराजांना दिले आणि तेथे त्यांचा पुतळा उभारला, अशी. व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या या मजकुराला विश्वासार्ह आधार नाही, आणि वाटाड्याकडून त्याची कबुली घेण्याचा प्रयत्न केला तर तो सौजन्याने मान हलवतो एवढेच. त्यापेक्षा तेराव्या शतकात मंगोलांना परतवून लावणाऱ्या चान हुंग दाओ यांच्याविषयी विचारावे. शहरात नदीकाठी त्यांचा पुतळाही आहे, आणि तो विषय काढला की वाटाडे मनापासून बोलू लागतात.

भुयारांच्या आवारात गोळीबाराचे मैदान आहे आणि पैसे देऊन एके-४७ चालवता येते. मी तसे करण्याचा सल्ला देणार नाही; ज्या जागी माणसे बंदुकीच्या आवाजाने दबून राहिली, तेथे तोच आवाज करमणुकीसाठी विकत घेणे मला पटत नाही. मात्र तो आवाज संपूर्ण परिसरात येत राहतो, म्हणून लहान मुलांना आधी सांगून ठेवावे.

शहरात परतायला साधारण एक वाजतो. शाकाहारी मंडळींनी ‘चाय’ अशी पाटी असलेली खानावळ शोधावी; ती बौद्ध पद्धतीची शुद्ध शाकाहारी असते. अन्यत्र भाजीतही माशाचे सॉस पडलेले असण्याची शक्यता धरून चालावे. जेवण तासाभरात आटोपावे, कारण प्रासादाची तिकीटखिडकी संध्याकाळपर्यंत उघडी नसते. त्या दिवसाची वेळ आदल्या रात्रीच पाहून ठेवावी.

प्रासादाच्या जागी फ्रेंचांचा नोरोदोम प्रासाद होता. फेब्रुवारी १९६२ मध्ये दक्षिणेच्याच हवाई दलातील दोन बंडखोर वैमानिकांनी त्यावर बॉम्ब टाकले, तेव्हा झिएम यांनी तो पाडून नवा बांधायला घेतला. वास्तुरचनाकार न्गो व्हिएत थू यांची ही इमारत १९६६ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे ज्यांनी तिची आज्ञा दिली, ते ती पाहायला उरले नव्हते. दक्षिणेचे नंतरचे राष्ट्राध्यक्ष न्युएन वान थिएउ यांनी तेथून राज्य केले. वरच्या मजल्यांवरील दिवाणखाने, गालिचे, चित्रपटगृह व पत्त्यांची खोली वेगाने पाहून घ्यावीत आणि वेळ राखून ठेवावा तो दोन जागांसाठी. पहिली गच्चीची: तेथे हेलिकॉप्टर ठेवलेले आहे, आणि ८ एप्रिल १९७५ रोजी दक्षिणेच्या हवाई दलात राहून उत्तरेसाठी काम करणाऱ्या न्युएन थान्ह चुंग या वैमानिकाने एफ-५ विमानातून टाकलेले बॉम्ब जेथे पडले, तेथे लाल वर्तुळे काढलेली आहेत. दुसरी तळघराची: काँक्रीटच्या अरुंद मार्गिका, त्यांच्या बाजूंना नकाशांनी भरलेल्या भिंती, जुने टेलिफोन, बिनतारी संदेशयंत्रे आणि राष्ट्राध्यक्षांसाठीचा एक साधा पलंग. दिमाख वर आणि भीती खाली, अशी ही वास्तू आहे, आणि सकाळी भुयारे पाहिलेली असली की दोन्ही बाजूंची माणसे शेवटी जमिनीखालीच कशी गेली हे वेगळे सांगावे लागत नाही. क्रम असा ठेवण्याचे पहिले कारण हेच.

फाटकातून आत शिरल्यावर उजवीकडे दोन रणगाडे दिसतात, त्यांपुढे सगळेच छायाचित्रे काढतात. ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तरेच्या सैन्याचा क्रमांक ८४३ चा रणगाडा बाजूच्या फाटकावर अडकला आणि ३९० क्रमांकाच्या रणगाड्याने मुख्य फाटक तोडले. येथे ठेवलेले रणगाडे त्याच प्रकारचे आहेत. मूळ दोन्ही हनोईच्या संग्रहालयांत आहेत.

येथून कॅथेड्रल व टपाल कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मार्सेहून आणलेल्या विटांचे आणि १८८० मध्ये पूर्ण झालेले कॅथेड्रल दीर्घकाळ दुरुस्तीखाली असल्यामुळे बाहेरूनच पाहायचे. टपाल कार्यालय १८९१ चे आहे. ते आयफेल यांनी रचल्याचे पुष्कळ वाटाडे सांगतात, पण त्याचे रचनाकार अल्फ्रेड फूलू होते. आतील दोन भिंतींवर रंगवलेले जुने नकाशे पाहावेत आणि घरी एक पत्र टाकावे; कार्यालय अजून चालू आहे. अर्धा तास पुरे.

युद्ध अवशेष संग्रहालय शेवटी ठेवण्याचे कारण सरळ आहे: ते पाहिल्यावर दुसरे काही पाहण्याची इच्छा राहत नाही. किमान दीड तास हवा. अंगणातील विमाने व रणगाडे यांपुढे रेंगाळू नये. बाजूला कॉन दाओ बेटावरील कैदेच्या ‘वाघाच्या पिंजऱ्यां’च्या प्रतिकृती आहेत, त्या मात्र पाहाव्यात. फ्रेंचांनी समुद्रात दूर उभारलेला तो तुरुंग पाहताना मराठी माणसाला अंदमान आठवल्यावाचून राहत नाही. मग थेट वरच्या मजल्यावर जाऊन खाली येत राहावे. वर फ्रेंचांविरुद्धच्या व अमेरिकेविरुद्धच्या युद्धांत मृत्यू पावलेल्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रकारांचे प्रदर्शन आहे. १९५४ मध्ये सुरुंगावर पाय पडून गेलेले रॉबर्ट कापा आणि १९७१ मध्ये हेलिकॉप्टर पाडले गेल्याने मरण पावलेले लॅरी बरोज यांची छायाचित्रे त्यात आहेत. त्याखालच्या मजल्यावर एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकाचे परिणाम दाखवणारे दालन आहे. १९६१ ते १९७१ या काळात विमानांतून केलेल्या फवारणीतील डायॉक्सिनमुळे जन्मलेल्या व्यंगांची छायाचित्रे तेथे कोणताही आडपडदा न ठेवता लावलेली आहेत. बारा वर्षांखालील मुलांना तेथे नेऊ नये असे माझे मत आहे. दोन पालकांनी आळीपाळीने जावे. तळमजल्यावर जगभरच्या युद्धविरोधी चळवळींची भित्तिपत्रके आहेत, तेथे मुलांसोबत थांबता येते.

हे विजेत्यांनी उभारलेले संग्रहालय आहे, याचे भान ठेवावे. ते ४ सप्टेंबर १९७५ रोजी अमेरिकी गुन्ह्यांचे प्रदर्शन म्हणूनच सुरू झाले. दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या व्हिएतनामी सैनिकांचे, १९७५ नंतर पुनर्शिक्षण छावण्यांत, म्हणजे नव्या राजवटीच्या बंदिछावण्यांत, धाडल्या गेलेल्यांचे, होड्यांतून देश सोडून गेलेल्यांचे दुःख तेथे जवळपास नाही. छायाचित्रांतील दुःख त्यामुळे खोटे ठरत नाही. पण परवानाधारक वाटाड्याला चार लोकांसमोर या गोष्टी विचारून अडचणीत आणू नये. गाडीत, एकटा असताना, त्याच्या कुटुंबाविषयी विचारले, तर बरेचदा तो स्वतःहून सांगतो.

हाताशी दुसऱ्या दिवसाची सकाळ असेल, तर वाटाड्याशिवाय दोन जागा पाहता येतात. काख मांग थांग ताम व न्युएन दिन्ह चिएउ या रस्त्यांच्या चौकात भिक्खू थिक क्वांग डुक यांचे स्मारक आहे. झिएम राजवटीकडून बौद्धांच्या होणाऱ्या दडपणुकीचा निषेध म्हणून ११ जून १९६३ रोजी त्यांनी येथे भर रस्त्यात आत्मदहन केले. त्याच न्युएन दिन्ह चिएउ रस्त्याच्या एका गल्लीत, २८७/७० क्रमांकाच्या घराच्या फरशीखाली, तेतच्या हल्ल्यासाठी सुमारे दोन टन शस्त्रे दडवलेली होती. घरमालक प्रासादाच्या सजावटीची कामे घेणारा कंत्राटदार असल्याने त्याच्यावर कोणाचा संशय गेला नाही. सकाळी लवकर गेल्यास दोन्ही जागा दोन तासांत होतात. मात्र ३० एप्रिल व १ मे या दिवसांत शहरात सुट्टी व सोहळे असतात, रस्ते बंद होतात, तेव्हा हा सारा बेत त्या तारखा टाळूनच करावा.