पालकाला युरिया किती? चार वाफ्यांत पडताळून पाहा

पालक पिवळा दिसला की युरिया फेकायचा, ही सवय विदर्भातल्या काळ्या जमिनीत महागात पडते. आपल्या वावराला नेमके किती नत्र (युरियातून मिळणारा नायट्रोजन) लागते, ते एका हंगामात कळू शकते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात 3 बाय 2 मीटरचे चार वाफे पाडा. प्रत्येकात 12 किलो कुजलेले शेणखत, 150 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरदाचे खत) आणि 40 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशचे खत) मातीत मिसळा. चारही वाफ्यांत हे सारखेच. बदलेल तो फक्त युरिया. हेक्टरी 80 किलो नत्र धरले तर एका वाफ्याला 104 ग्रॅम युरिया बसतो. म्हणून पहिला वाफा बिनयुरियाचा, दुसऱ्याला 52, तिसऱ्याला 104 आणि चौथ्याला 156 ग्रॅम. याचे तीन सारखे हप्ते करा: पेरताना, पहिल्या कापणीनंतर आणि दुसऱ्या कापणीनंतर. कपाशीचे उरलेले डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खत इथे चालणार नाही. त्यात 18 टक्के नत्र असते, मग बिनयुरियाच्या वाफ्यालाही रासायनिक खताचे नत्र मिळते.

बी 15 ग्रॅम, रात्रभर भिजवून, 20 सेंटिमीटरवरच्या ओळींत पेरा.

खरी गडबड पाण्यात होते. एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी सोडले की विरघळलेला युरियाही वाहत जातो. वरंबे उंच ठेवा, प्रत्येक वाफ्याला दांडातून वेगळे पाणी द्या. युरिया ओल्या पानांवर पडला तर पाने करपतात. वर उघडा राहिला तर आपल्या चुनखडीच्या जमिनीत अमोनिया होऊन उडतो. ओळींच्या मधे टाका, खुरप्याने झाका, लगेच हलके पाणी द्या.

पहिली कापणी साधारण 30 ते 35 दिवसांनी, जमिनीपासून 5 सेंटिमीटर ठेवून. दर कापणीला वाफ्यागणिक वजन लिहा. नुसत्या हिरवेपणावर जाऊ नका. चौथा वाफा सर्वात गडद दिसेल, पण तिसऱ्यापेक्षा वजन फारसे वाढले नसेल तर जास्तीचा युरिया वाया गेला. शिवाय जास्त नत्राची पाने लुसलुशीत होतात, मावा लवकर धरतात, आणि आठवडी बाजारात पोचेपर्यंत जुड्या मलूल पडतात. पानांत नायट्रेटही (झाडाने उचललेले पण न वापरलेले नत्र) साठते. ते दिवसभराच्या उन्हाने उतरते, म्हणून कापणी संध्याकाळी केलेली बरी.

आता पिवळेपणाचे. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर ती लोहाची कमतरता. तिथे युरिया वाढवून काही होत नाही. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट संध्याकाळी फवारा. आणि वाफ्यात पाणी साचून पूर्ण झाड पिवळटले असेल, तर खताला हात न लावता आधी पाण्याला वाट करून द्या, कारण गुदमरलेली मुळे दिलेले खत उचलतच नाहीत.