घरी प्रोटीन स्किमर बनवताना या चुका टाळा

प्रोटीन स्किमर म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीतली घाण फेसात धरून वरच्या कपात काढणारं यंत्र. "स्किमर जोडला, पंप सुरू केला, पण फेसच येईना बघा." अशी तक्रार आली की आधी एकच विचारायचं: चाचणी कुठल्या पाण्यात घेतली? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. बादलीत, नळाच्या पाण्यात.

नळाचं पाणी सांगलीतल्या कृष्णेचं असो की साताऱ्यातल्या कासचं, त्यात स्किमर फेस धरणार नाही. गोड्या पाण्यात दोन बुडबुडे भिडले की त्यांचा एक मोठा बुडबुडा होतो आणि तो झर्रकन वर निघून जातो. खाऱ्या पाण्यातले क्षार बुडबुड्यांना असं एक होऊ देत नाहीत. म्हणून तिथं बुडबुडे बारीक राहतात आणि बॉडीतलं, म्हणजे स्किमरच्या उभ्या नळीतलं, पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. शिवाय नळाच्या पाण्यात चिकटायला प्रथिनंच नसतात. गोड्या पाण्यात चाचणी घ्यायची ती फक्त गळतीची, तीही रात्रभर. फेस बघायचा तो चालू टाकीच्याच पाण्यात, क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास असताना. नुकतंच मीठ कालवलेल्या ताज्या पाण्यातही फेस येत नाही, कारण त्यात अजून घाणच नाही.

आपल्या भागात हे यंत्र समजायला अवघड जाऊ नये. गुऱ्हाळात काहिलीतला रस तापला की भेंडीचं चिकट पाणी घालतात, मळी वर येते आणि ती काढून टाकतात. स्किमर टाकीची मळी काढतो. माशांचं उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यांचं अमोनिया आणि नायट्रेट होण्याआधीच प्रथिनं बुडबुड्यांना चिकटवून कपात आणायची, इतकंच त्याचं काम.

मोठा पंप, छोटी बॉडी

२०० लिटरच्या टाकीसाठी १०० मिलिमीटर आतल्या व्यासाची, ४५ सेंटिमीटर उंच बॉडी घेतात. माप चांगलं आहे. तिच्यात साधारण साडेतीन लिटर पाणी मावतं. पण मग जोर हवा म्हणून ताशी १५०० लिटरचा पंप थेट तिच्यात सोडतात. जरा हिशेब करा. ताशी १५०० म्हणजे मिनिटाला २५ लिटर. साडेतीन लिटरच्या नळीत ते पाणी जेमतेम आठ सेकंद थांबतं. एवढ्यात प्रथिनं बुडबुड्याला चिकटणार कधी? पाणी आलं तसं गेलं, आणि सोबत बुडबुडे सम्पमध्ये (मुख्य टाकीखालच्या जोडटाकीत) घेऊन गेलं. मग टाकीभर बारीक बुडबुडे दिसतात आणि दोष स्किमरच्या डिझाइनला दिला जातो.

दोन पंप लावा. पहिला, ताशी २०० लिटरचा छोटा, सम्पमधलं पाणी बॉडीत आणेल. त्या वेगानं पाणी आत मिनिटभर थांबतं, आणि तासाभरात टाकीएवढं पाणी स्किमरमधून जातं. दुसरा, मोठा पंप बॉडीतूनच पाणी ओढून परत बॉडीतच सोडेल. त्याचं काम फक्त बुडबुडे बनवायचं. त्याच्या पंख्याची पाती कापून तिथं प्लास्टिकची जाळी बारीक नायलॉन टायनं बांधतात, ती हवेचा चुरा करते. हवेची नळी या पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाला लावायची. बाहेर फेकणाऱ्या बाजूला नुसतं भोक पाडून नळी खुपसली तर हवा आत जायच्या ऐवजी नळीतून पाणी बाहेर येतं. बाहेरच्या बाजूला हवा घ्यायचीच असेल तर तिथं पाइप अरुंद करून व्हेंचुरी (वेगानं जाणारं पाणी हवा ओढून घेईल असा गळा) करावी लागते.

कूलरचा पंप वापरू नका. स्वस्त आहे, हाताशी आहे, मान्य. पण तो खाऱ्या पाण्यासाठी बनवलेला नाही. दांडा लोखंडी असला की काही आठवड्यांत गंज टाकीत उतरतो. आणि पंप कुठलाही असो, त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. खारं पाणी आणि वीज यांत "चालतंय की" चालत नाही.

पितळ

नळाच्या दुकानात आटे असलेलं सीपीव्हीसी फिटिंग मागितलं तर आत पितळी आटे बसवलेलं हातात पडू शकतं. बाहेरून प्लास्टिक, आत पितळ. पितळेत तांबं असतं, आणि तांबं कोरल, कोळंबी, शंख-गोगलगायींना मारतं. मासे ते बऱ्यापैकी सोसतात, म्हणून आठवडे कळतच नाही. चुंबक लावून बघू नका, पितळ चुंबकाला लागत नाही. प्रत्येक फिटिंग उजेडात धरून आत डोकवा. क्लॅम्पऐवजी नायलॉन टाय, स्क्रूऐवजी नायलॉनचे बोल्ट. "स्टेनलेस आहे, गंजत नाही" हे खाऱ्या पाण्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पितळ आत शिरायची दुसरी वाट म्हणजे गेट व्हॉल्व्ह. बॉडीतली पातळी मिलिमीटरच्या हिशेबानं हलवायची असते. बॉल व्हॉल्व्हला बोट लागलं तरी पातळी दोन इंच सरकते. गेट व्हॉल्व्ह चांगला, पण दुकानात सहज मिळतो तो पितळेचा. मग व्हॉल्व्हच नको. बाहेर जाणारा ३२ मिलिमीटरचा पाइप बॉडीच्या बाजूनं नेकच्या (बॉडीवरच्या अरुंद नळीच्या) बुडापर्यंत उभा न्या आणि वर टी बसवा. टीखालचा, उभ्या पाइपाचा वरचा तुकडा सोल्युशन न लावता, टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट बसवा. फिरवत पाच मिलिमीटर वर घेतला की बॉडीतली पातळी तेवढीच वर. थोडं झिरपलं तर सम्पमध्येच पडतं. टीचं वरचं तोंड मात्र उघडं ठेवा. ते बंद केलंत की सायफन लागतो, बॉडी अर्धी रिकामी होते, सायफन तुटतो, बॉडी पुन्हा भरते, आणि पातळी दिवसभर झोपाळ्यासारखी हलत राहते.

सिलिकॉन

काचेच्या टाकीला चालतो म्हणून तोच सिलिकॉन ॲक्रिलिकला आणि पीव्हीसीला फासतात. तो त्यांना खऱ्या अर्थानं चिकटत नाही, नुसता टेकतो. महिना-दोन महिने पाणी धरतं आणि मग तळाची चकती सुटते. पीव्हीसी-पीव्हीसी जोडाला पाइपाचं सोल्युशन, ॲक्रिलिक-ॲक्रिलिक जोडाला ॲक्रिलिकचा पातळ सॉल्व्हंट. पाट्या बनवणाऱ्यांकडे तो मिळतो. काम गच्चीवर करा, बंद खोलीत अजिबात नाही.

पातळ सॉल्व्हंट फट भरत नाही, केसाएवढ्या जागेत आपोआप ओढला जातो. म्हणून नळीचं तोंड सपाट हवं. हॅकसॉनं कापून हातानं घासलेलं तोंड चकतीवर उभं करा आणि पलीकडून टॉर्च मारा, उजेड आरपार येईल. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून दोन्ही टोकांना फेसिंग मारून, म्हणजे तोंडं सपाट करून, घ्या. काम काही मिनिटांचं, पण जोड आयुष्यभराचा. चकती लेसरवर कापून घेतली असेल तर कड सँडपेपरनं घासून काढा. लेसरच्या उष्णतेनं कडेला ताण राहतो, आणि सॉल्व्हंट लागला की तिथं कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात.

कपाचा पाइप बाथरूमला

सगळ्यात जास्त चीड आणणारा शॉर्टकट हा.

सांगलीतल्या विश्रामबागच्या एका फ्लॅटमधली टाकी, एकूण पाणी २०० लिटर. स्किमर घरचाच, काम सुबक. कप रोज धुवायचा कंटाळा म्हणून कपाच्या बुडातून पाइप काढून थेट बाथरूमच्या जाळीवर सोडलेला. दुसरीकडे बाष्पीभवनाची भरपाई करायला सम्पमध्ये आरओ मशीनचा फ्लोट व्हॉल्व्ह आणि त्याला ५० लिटरचा ड्रम. दोन्ही सोयी वेगवेगळ्या बघितल्या तर हुशारीच्या.

एका संध्याकाळी कोरलचा दगड एपॉक्सी पुट्टीनं चिकटवला. पुट्टी ओली असताना त्यातलं काहीबाही पाण्यात उतरतं आणि स्किमर पिसाळतो. फेस घट्ट न येता पाण्यासारखा ओला येतो आणि कप भरभरून वाहतो. इथं वाहिलेलं सगळं गुपचूप बाथरूममध्ये गेलं. फरशीवर थेंब नाही. सम्पची पातळी उतरली की फ्लोट उघडायचा आणि तेवढंच बिनमिठाचं पाणी आत घ्यायचा. ताशी चार लिटर धरले तरी रात्रीत तीस लिटर खारं पाणी गेलं आणि तीस लिटर गोडं आलं. सकाळी टाकी काठोकाठ, पंप सुरू, दिवे सुरू. फक्त दोन्ही क्लीनर कोळंब्या मेलेल्या, कोरल आक्रसलेले आणि मासे धापा टाकताना दिसले. रोग समजून औषध आणायला माणूस पाठवला. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मात्र दुपारी काढला. ३५ ची क्षारता ३० वर आलेली.

त्यावर चूक अशी की घाबरून तासाभरात मीठ ओतून पुन्हा ३५ केली. उतरताना बसलेला धक्का चढताना पुन्हा बसला. क्षारता वाढवायची ती दिवसाला एक पीपीटी, घाई करायची नाही.

कपाचा पाइप काढायचाच असेल तर झाकण घट्ट बंद असलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडा आणि कपाच्या वरच्या काठाखाली १२ मिलिमीटरचं भोक पाडा, ते सम्पच्या वर येईल असं. कॅन भरला की पुढचं पाणी सम्पमध्येच परत पडेल. घाण परत गेली तरी पाणी घरातच राहील. फ्लोटचा ड्रम दोन दिवसांच्या बाष्पीभवनाएवढाच ठेवा. सहा लिटरचा असेल आणि सगळाच्या सगळा आत गेला तरी ३५ चे ३४ होतात, त्यात कोणी मरत नाही. पुट्टी लावलीत, पाण्यात क्लोरिन मारायचं औषध घातलंत, तर त्या रात्री कप काढून ठेवा किंवा पातळी पुरती खाली उतरवा.

लाइट जाणार, हे धरूनच बांधा

वीज गेली की टाकीतलं वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं. सम्प ६० बाय ३५ सेंटिमीटरचा असेल तर दहा लिटरनं पातळी जवळजवळ पाच सेंटिमीटर चढते. लाइट आली की स्किमर त्या चढलेल्या पातळीत सुरू होतो आणि कपात पाणी फेकतो. त्यामुळं स्किमर सम्पच्या तळावर ठेवू नका. मध्ये काचेची आडवी भिंत घालून पातळी न हलणारा कप्पा करा आणि स्किमर त्यात स्टँडवर ठेवा. स्किमरचा पंप फ्रिजच्या स्टॅबिलायझरला असतो तशा टाइम-डिलेवर टाका. तेवढ्या वेळात रिटर्न पंप पाणी वर नेतो. हवेच्या पंपावरचा स्किमर असेल तर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा आणि नळीत चेक व्हॉल्व्ह घाला, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी उलटं पंपात शिरतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा नेक पीव्हीसीच्या सोल्युशननं चिकटत नाही, वेळ घालवू नका. नेक बॉडीच्या साधारण निम्म्या व्यासाचा आणि पारदर्शकच हवा. शेतीच्या राखाडी पाइपात काय चाललंय ते दिसत नाही. केसांना खोबरेल तेल लावून तोच हात टाकीत घातलात तर फेस बसतो आणि काही तास उठत नाही, तेव्हा पातळी हलवू नका. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचतं, आठवड्याला कोमट पाणी ओढू द्या. त्याच तोंडाशी डासांची अगरबत्ती किंवा फवारा मारू नका, स्किमर खोलीतली हवा थेट पाण्यात घुसळतो. स्किमरला साबण कधीच लावायचा नाही.

पहिल्या दिवशी पिळापिळी

नवा स्किमर सॉल्व्हंट, हाताचं तेल, कापताना उडालेली भुकटी अंगावर घेऊनच येतो. जोड सुकल्यावर एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाण्यात तासभर चालवा, मग साध्या पाण्यात धुवा. तरीही टाकीत लावल्यावर एक ते दोन आठवडे तो लहरीच वागतो: आज काहीच नाही, उद्या कपभर पाणी. नवशिके दर तासाला पातळी हलवतात आणि कशामुळे काय झालं हेच कळेनासं होतं. पातळी नेकच्या बुडाला, बॉडी आणि नेकच्या जोडावर ठेवा आणि हात मागं घ्या. बदल करायचा तो दिवसातून एकदाच, पाच मिलिमीटरचा.

कपात चहाच्या रंगाचं पाणी येत असेल तर पातळी थोडी उतरवा. हिरवट-काळपट, दाट आणि नाक मुरडायला लावणारं यायला लागलं की तिथंच सोडा. नेकच्या आतल्या बाजूला चिकट थर बसला की फेस वर चढायचा थांबतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी जुन्या टूथब्रशनं नेक घासायचा, घासताना पंप बंद ठेवून.