झाडे आणि वीजतारा: गोव्यात वृक्षतज्ज्ञ म्हणून कारकीर्द कशी घडवावी

गोव्यात दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वीजतारांजवळच्या फांद्या छाटल्या जातात, आणि तरीही जोराच्या वाऱ्यात झाडे तारांवर कोसळतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा हे साऱ्या राज्याने अनुभवले. झाड आणि तार या दोहोंची जाण असलेली माणसे येथे हवी आहेत. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांना मात्र ‘आधी चेनसॉ चालवायला शिका’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे.

सुरुवात पदवीपासून करावी; वनस्पतिशास्त्र, कृषी किंवा वानिकी यांपैकी कोणतीही चालेल. वानिकीसाठी कर्नाटकातील सिरसी आणि महाराष्ट्रातील दापोली येथील महाविद्यालये जवळ आहेत.

त्यानंतर दोन कायदे मुळातून वाचावेत. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार गोव्यात झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ६८ तारांना अडथळा आणणाऱ्या झाडांविषयी आहे. तार ओढण्यापूर्वीपासून झाड तेथे उभे असेल, तर त्याच्या मालकाला भरपाई मिळू शकते. भाटकाराशी, म्हणजे जमीनमालकाशी, बोलताना हा मुद्दा हटकून निघतो.

खरी कसोटी लागते ती तारेजवळची छाटणी शिकताना. मलाही हाच टप्पा सर्वांत जड गेला, कारण ही विद्या एका ठिकाणी कोणीच शिकवत नाही. लाइनमनला तारेचे ज्ञान असते आणि पाडेलीला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) चढण्याचे, पण कापल्यानंतर झाड काय करील, याचा विचार बहुतेक वेळा कोणीच करत नाही. म्हणून पहिला हंगाम जमिनीवरूनच, दोर धरून आणि निरीक्षण करत काढावा. वीजपुरवठा बंद असल्याचे कोणी तोंडी सांगितले तर त्यावर कधीही विसंबू नये. अधिकृत व्यक्तीने लेखी परवाना दिला आहे, तार तपासली आहे आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग केले आहे (म्हणजे तार जमिनीशी जोडली आहे), याची खात्री होईपर्यंत कोणीही झाडावर चढू नये. एखाद्या घरातील जनरेटरमधूनही बंद तारेत उलटा प्रवाह येऊ शकतो, आणि ओली फांदी वीज वाहून नेते.

आता प्रत्यक्ष कापण्याविषयी. शेंडा उडवून झाड बुटके करण्याची पद्धत मी कोणत्याही परिस्थितीत मान्य करत नाही. गुलमोहर किंवा रेन ट्री असे कापले की खुंटाभोवती भराभर कोंब फुटतात; ते सालीलगत उगवत असल्यामुळे त्यांची पकड कमकुवत असते, आणि काही काळाने तेच तारेवर मोडून पडतात. त्याऐवजी तारेकडे जाणारी फांदी मागे, तारेपासून दूर वाढणाऱ्या उपफांदीपर्यंत कापावी. ही उपफांदी कापलेल्या फांदीच्या जाडीच्या निदान एक तृतीयांश असावी. फांदी खोडापासूनच काढायची असेल, तर आधी खालून आणि मग थोडे पुढे वरून कापून तिचे वजन उतरवावे, आणि शेवटचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर वळ्याच्या बाहेरून घ्यावा. वळा कापला गेला तर जखम नीट भरत नाही आणि कुजण्याला वाट मिळते. माडाला मात्र यातले काहीच लागू पडत नाही: त्याला एकच वाढबिंदू असतो, तो गेला की माड मरतो, त्यामुळे एकतर झावळ्या काढाव्यात किंवा रीतसर परवानगी घेऊन संपूर्ण माड हटवावा.

आपण छाटलेल्या प्रत्येक झाडाची छायाचित्रे आणि नोंद ठेवावी, आणि पावसाळा सरल्यावर त्याच झाडाकडे पुन्हा जावे. कोणता काप भरला आणि कोठे कोंबांचा झुबका आला हे पाहिल्याशिवाय हात तयार होत नाही, आणि हा भाग जे टाळतात ते वर्षानुवर्षे केवळ कापणारेच राहतात.

याच नोंदी पुढे अनुभवाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या संस्थेच्या प्रमाणित वृक्षतज्ज्ञ परीक्षेसाठी तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आणि संबंधित पदवी असल्यास ही अट शिथिल होते. वीजवाहिन्यांजवळच्या वृक्षकामाचे वेगळे प्रमाणपत्र त्यानंतर घ्यावे.

काम मागायला वीजखात्याचे ठेकेदार, नगरपालिका, गृहनिर्माण सोसायट्या आणि हॉटेले यांच्याकडे जावे, मात्र नुसता दर घेऊन जाऊ नये. प्रत्येक झाडाची जात, दोष, तारेपासूनचे अंतर आणि सुचवलेला काप असा दोन पानी अहवाल सोबत द्यावा, आणि पुढील तपासणीचा महिना त्यातच लिहावा.